सीताफळाच्या पलीकडे रेंज नव्हती

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते, आणि त्यातले निम्मे मला पटत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. झाडाखाली पांढरं काहीतरी दिसलं की माणसं लगेच पळत का सुटतात, जवळ जाऊन बघत का नाहीत, असा माझा सवाल असतो. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, पुढे शाळेत तेच शिकवलं. आमच्या उज्जैनमध्ये तर कुणाला ना कुणाला रोज काहीतरी दिसत असतं. मला आजवर काही म्हणजे काही दिसलेलं नाही. तेव्हा मी हे हौसेनं लिहीत नाहीये. डोक्यात अडकून बसलंय, त्याचा वैताग आलाय, म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस संपत आले होते आणि फ्रीगंजच्या दुकानांतून रोज काहीतरी नवीन दिसायला लागलं होतं. आमचं घर फ्रीगंजच्या पुढे, एका कॉलनीत. प्लॉट अरुंद आणि लांबच लांब. पुढे घर, मागे अण्णांची बाग, आणि बागेच्या अगदी टोकाला ‘मागची खोली’. घर बांधताना सामान ठेवायला आधी ती खोली बांधली होती. वर पत्रे, शेजारी नळ, आणि तिच्या मागे बागेच्या पाण्यासाठी जमिनीत बांधलेला खोल हौद.

अण्णा म्हणजे माझे सासरे. शेतकी खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्या घराण्याला उज्जैनमध्ये येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की महाराष्ट्र म्हणजे त्यांच्या लेखी लग्नासाठी मुली आणण्याचं ठिकाण. मी तशीच आणलेली, साताऱ्याहून. माझे मिस्टर, सुधीर, बँकेत होते. समोर मी त्यांना अहोच म्हणते, पण लिहायला सुधीर सोपं पडतं.

सासूबाई गेल्यावर अण्णांनी आपली खाट मागच्या खोलीत हलवली. गुलाबांच्या कलमांपाशी राहायचं, सकाळी मोठ्यानं रेडिओ लावायचा, कुणाची कटकट नको. तोपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका, निदान हाक मारली तर ऐकू जाईल असं तरी ठेवा. आणि तिथून हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. पुढे रस्ता, घरात कूलरची घरघर, मधे एवढी झाडं.

“अण्णा, तुम्ही आत राहायला या,” मी म्हटलं.

“घरात माझं मन नाही लागत,” अण्णा म्हणाले. “तू फुकट परेशान नको होऊस, वसू. मला काय होतंय.”

झालं. विषय बंद. परेशान मात्र मीच व्हायचं.

आधी आम्ही फोनची तार मागेपर्यंत ओढली आणि तिथे दुसरा फोन लावला. माकडांना ती तार झोका घ्यायला बरी सापडली, चार दिवस टिकली नाही. मग सुधीरनी ती जमिनीत पुरली. अण्णांनी गुलाबाला आळी करताना कुदळीनं तोडली. जोडली. पुन्हा तोडली. मी विचारलं तर म्हणाले, “तार मधे आली.” जसं काही तारच चालत आली होती कुदळीखाली.

मग कॉर्डलेस घेतला. बेस हॉलमध्ये आणि हँडसेट अण्णांच्या उशाशी. त्यात इंटरकॉमचं बटण होतं. हँडसेटवरून दाबलं की बेसवर बोलता येई, बेसवरून दाबलं की हँडसेट वाजे, आणि बेसला स्पीकर असल्यामुळे हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू येई. डब्यावर छान चित्र होतं, एक बाई हिरवळीवर खुर्ची टाकून फोनवर बोलत बसलेली. मला ते चित्र आठवलं की अजून राग येतो.

कारण आमची हिरवळ सीताफळाच्या झाडाशी संपायची. मी हँडसेट घेऊन मागे चालत जायची, सुधीर बेसपाशी “हॅलो, येतोय का आवाज” करत बसायचे. पेरूपर्यंत स्वच्छ. लिंबापाशी जरा खरखर. सीताफळाच्या पलीकडे पाऊल टाकलं की नुसतं खर्रर्र. मी तिथे एक वीट आणून ठेवली होती, म्हणजे रोज नव्यानं शोधायला नको. विटेच्या अलीकडे फोन होता, पलीकडे खेळणं. आणि अण्णा राहात होते पलीकडे.

बेस स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून पाहिला, जिन्यात ठेवून पाहिला. शेवटी लांब वायर टाकून गच्चीवर उपड्या बादलीखाली ठेवला. त्यानं वीट थोडी मागे सरकली, पण गच्चीवरचा स्पीकर खाली कुणाला ऐकू येणार? पुन्हा हॉलमध्ये आणला. सुधीरनी एरियलला ॲल्युमिनियमची कांब बांधली. तेव्हा पलीकडच्या घरातल्या कॉर्डलेसवरचं बोलणं आमच्या हँडसेटवर यायला लागलं. त्यांच्या घरी कुणाच्या साखरपुड्यात काय देणार हे मला कळायचं, पण अण्णा जिवंत आहेत की नाहीत ते कळायचं नाही.

दुकानात जाऊन भांडले. दुकानदार अतिशय शांत माणूस. “भाभीजी, कंपनी ने खुल्ले में बोला है. आपके यहाँ तो पेड़ है, दीवार है, पतरे हैं. खुल्ला है कहाँ?”

“तो क्या पेड़ काट दें?”

“नहीं नहीं, वो तो पाप लगेगा,” तो म्हणाला.

आता तो दिवस. उन्हाळ्याची सुट्टी होती, मुलं माझ्या माहेरी साताऱ्याला गेलेली. शनिवार, म्हणजे बँक अर्धा दिवस. आदल्या दिवसापासून हँडसेट बागेतही चालेना, पेरूपाशीच बंद पडायचा. माझं डोकं फिरलं. अण्णांना जेवायला वाढलं, त्यांच्या उशाशी असलेला हँडसेट उचलला आणि म्हटलं, “मी हे घेऊन फ्रीगंजला जातेय. तुम्ही आराम करा. बागेत जाऊ नका, ऊन फार आहे.”

“बरं,” म्हणाले. त्यांचं ‘बरं’ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, पण करणार काय.

घराला कुलूप लावून मी निघाले. दुकानात बराच वेळ बसवून ठेवलं. त्यानं हँडसेट उघडला, बॅटरी बाहेर काढली, म्हणाला बॅटरी गेली, नवी इंदूरहून मागवावी लागेल. जुनी बॅटरी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, उघडलेला हँडसेट तसाच पिशवीत टाकला. मी त्याला जे काही बोलायचं ते बोलले आणि टेंपोत बसले. टेंपो भरेपर्यंत हलायला तयार नाही. घामानं आणि रागानं मी अर्धी झाले होते.

घरी आले तर दार उघडं. सुधीर हॉलमध्ये खुर्चीवर, समोर देवास गेटवरून आणलेल्या कचोऱ्या, त्यातली एक खाऊन झालेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे फाटकाकडे पाहिलं.

“तू इकडून कशी आलीस?”

“इकडून म्हणजे? फ्रीगंजहून आले.”

“अगं, आत्ता तर मागच्या खोलीतून बोललीस. आणि अण्णा कुठायत? केव्हापासून वाट बघतोय, कचोऱ्या गार होऊन राहिल्यात.”

मी थट्टा सोसण्याच्या स्थितीत नव्हते. मी सांगितलं, मी दुपारपासून दुकानात मरतेय, तुमच्या त्या डबड्यापायी.

त्यांचं म्हणणं असं. ते आले तर घराला कुलूप. आपल्या किल्लीनं उघडलं. त्यांना वाटलं मी मागे अण्णांकडे असेन, म्हणून चालत नाही हे माहीत असूनही सवयीनं बेसवरचं इंटरकॉमचं बटण दाबलं. जरा वेळ खरखर झाली, आणि मग माझा आवाज आला, अगदी स्वच्छ. “अण्णा खाली आहेत.”

“मी म्हटलं, खाली आहेत तर पाठव की पुढे, कचोरी गरम आहे. तर तू पुन्हा तेच. अण्णा खाली आहेत. मी म्हटलं, अगं हो, ऐकलं, पाठव ना. तर एकदम रडवेल्या आवाजात, अहो, अण्णा खाली आहेत. आणि बंद. मला वाटलं काहीतरी भांडलात दोघं, येतील आपोआप.”

मी पिशवी टेबलावर उपडी केली. एकीकडे हँडसेट, त्याचं झाकण सुटं, आणि कागदातली बॅटरी गडगडत कचोऱ्यांपाशी गेली. सुधीर त्या बॅटरीकडे नुसते बघत राहिले.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. उज्जैनच्या आमच्या मराठीत ‘खाली’ म्हणजे हिंदीतलं खाली. ‘मी खाली आहे’ म्हणजे मला काही काम नाही, मी मोकळा आहे. ‘खाली असशील तर ये जरा.’ आणि तळाकडच्या खालीला सरळ ‘नीचे’ म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा पाहुण्यांसमोर मी एकदा “आई खाली आहेत” म्हटलं. सासूबाई खालच्या अंगणात लोणच्याच्या कैऱ्या चिरत होत्या, त्यांनी ते ऐकलं आणि तिथूनच मला सुनावलं की मी काय रिकामी बसलेय होय. घरभर हसले सगळे. पुढे कितीतरी दिवस मला त्यावरून चिडवायचे. कंटाळून मी तो शब्द टाकून दिला. मीसुद्धा ‘नीचे’च म्हणायला लागले. माझी मुलं तर जन्मापासून नीचेवालीच.

म्हणून सुधीरना त्या वाक्याचा अर्थ लागला तो त्यांच्या मराठीतला. अण्णा मोकळे आहेत. मग घाई कसली.

मी ते वाक्य ऐकलं ते साताऱ्याचं. मागच्या खोलीत वरचा मजला नाही, तळघर नाही. तिथे खाली असायला एकच जागा आहे.

मी पळाले. चपलासुद्धा नाहीत, फरशी भाजत होती. खोलीचं दार सताड उघडं, पंखा चालू, चष्मा खाटेवर. हौदाचं लोखंडी झाकण बाजूला सरकवलेलं. आत बघितलं तर तळाशी अण्णा, भिंतीला टेकून बसलेले, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. हौदात पाणी नव्हतं, म्हणून गाळ काढायला स्वतःच उतरले होते. शिडीची पायरी गंजलेली, ती तुटली.

“अण्णा,” मी ओरडले. त्यांनी वर बघितलं, ओठ हलवले, आवाज आला नाही. हाका मारून मारून घसा बसला होता.

सुधीर आणि शेजारचे तिवारीजी उतरले. तिवारीजींकडची बांबूची शिडी, आमच्या खाटेची नवार, दोन चादरी, असं करून अण्णांना वर काढलं. मी वरून धरत होते आणि एकीकडे शिव्या घालत होते, कुणाला ते मलाच माहीत नाही. दवाखान्यात कळलं की पाय तर मोडलाच होता, पण हृदयावरही ताण पडला होता. डॉक्टर सुधीरना बाजूला घेऊन म्हणाले की वेळेवर आणलंत. सुधीर तिथेच बाकावर बसून रडले. त्यांना ती कचोरी आठवत होती.

अण्णा वाचले. पुढे पाय जरा आखूड राहिला, काठी घ्यावी लागली, पण वाचले.

आता यानंतर जे सुरू झालं त्यानं मी जास्त वैतागले. कॉलनीत बातमी पसरली की बहूच्या मनात आलं आणि मशीनमधून आवाज निघाला. बायका मला भेटायला यायच्या, एक तर नारळ घेऊन आली. मी सांगायची, माझ्या मनात काहीसुद्धा आलं नव्हतं, मी त्या वेळी दुकानदाराशी भांडत होते. त्यांना तो विनय वाटायचा. पुजाऱ्याला विचारून घे म्हणाल्या, रामघाटावर काहीतरी दान कर म्हणाल्या. अण्णा स्वतः येईल त्याला सांगायचे, “सूनबाईनं वाचवलं. तिनंच सांगितलं सुधीरला.” मी म्हणायची, “अण्णा, मी नाही सांगितलं.” ते हसायचे. आयुष्यभर त्यांनी माझे आभार मानले, आणि मी त्यांना पटवू शकले नाही की ते चुकीच्या माणसाचे मानतायत.

मी माझ्या परीनं तपासलं. पलीकडच्या घरातल्या कॉर्डलेसचं बोलणं घुसलं म्हणावं, तर ती मंडळी अग्रवाल, मराठीचा एक शब्द येत नाही, आणि त्या दिवशी सगळी लग्नाला गेलेली. आमच्या हँडसेटचं तर पोट उघडं आणि बॅटरी बाहेर. दुकानदाराला पुन्हा जाऊन विचारलं. तो म्हणाला, “बैटरी तो मैंने ही निकाली थी, आपके सामने.” मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी पुढे विचारलं नाही.

सुधीर म्हणतात, भास झाला असेल, बापाची काळजी असतेच मनात. बँकेतल्या मित्रांनाही ते तेच सांगतात. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते सांगते. भास स्वतःच्या डोक्यातून येतो ना? मग स्वतःच्याच डोक्यातून आलेलं वाक्य स्वतःला उलटं कसं कळेल? सुधीरच्या डोक्यानं सांगितलं असतं तर ‘नीचे’ सांगितलं असतं, आणि ते तसेच उठून धावले असते. ज्यानं कुणी सांगितलं त्याला माझी जुनी मराठी येत होती, जी मीच बोलायची सोडली होती. माझाच आवाज, पण आत्ताचा माझा नव्हे. हे मी भांडून भांडून सुधीरना सांगितलं. ते म्हणतात, तू फार विचार करतेस.

अण्णा दवाखान्यातून आले ते पुन्हा मागच्या खोलीतच. काठी टेकत. घरात मन लागत नाही म्हणे. आम्ही हौदाला सिमेंटची लादी टाकली आणि नवा, लांब पल्ल्याचा सेट आणला, ज्याचं एरियल गच्चीवर खांबाला बसवायचं असतं. हा मात्र चालला. वीट ओलांडून, खोलीत, पार मागच्या भिंतीपर्यंत, घंटेसारखा आवाज. अण्णांना खेळणंच मिळालं. दर तासाला इंटरकॉम. वसू, चहा झाला का. वसू, आज भेंडी करू नको. वसू, तो भोपळ्याचा वेल तू तोडलास का. मी कपाळावर हात मारायची, आणि खरं सांगू, बरंही वाटायचं. माणूस आहे, बोलतोय, हाताशी आहे.

काही वर्षं अशी गेली. मग एका दुपारी, जेवून अण्णा मागे गेले. मी हॉलमध्ये तांदूळ निवडत बसले होते, बेस माझ्या समोर. त्याचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे मागचा हँडसेट चालू, रेंजमध्ये, बॅटरी भरलेली. शाळेला सुट्टी होती, घर शांत होतं, माझा सगळा कान तिकडेच असायचा. तांदूळ निवडून झाले, मग मी चहा ठेवला. बराच वेळ अण्णांनी चहाची आठवण केली नाही, म्हणून कप घेऊन मीच मागे गेले.

ते खाटेवर होते, कुशीवर. झोपेतच गेले होते. हँडसेट उशाशी, हात त्याच्यापासून वीतभर लांब. डॉक्टर म्हणाले, तासभर झाला असेल.

लोक मला त्या पहिल्या आवाजाबद्दल विचारतात. कसा आला, कुठून आला. मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं कुणी सांगितलं तर मी त्याच्याशी वाद घालेन. पण माझं खरं भांडण त्या आवाजाशी नाही. बॅटरी नव्हती, हँडसेट पिशवीत होता, सीताफळाच्या पलीकडे रेंज नव्हती, तरी आवाज आला. आणि ज्या दिवशी सगळं चालू होतं, रेंज होती, बॅटरी होती, मी समोर बसून होते, त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. साताऱ्याच्या मराठीत नाही, उज्जैनच्या नाही. तासभर मी त्या हिरव्या दिव्यासमोर बसून खडे वेचत होते.